गोल पायऱ्यांच्या काचेमागचा माणूस

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या एकांकिकेची प्रकाशयोजना मी करते. ज्या दिव्याला सगळे ‘फ्रेनेल’ म्हणतात, त्याच्या काचेवर गोल गोल पायऱ्या असतात. हे कुणाचं नाव आहे का? आणि त्या पायऱ्यांच्या रेघा रंगमंचावर का उमटत नाहीत?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : माणसाचंच नाव. ओग्युस्तँ फ्रेनेल, फ्रान्सचा, जन्म १७८८. नाट्यगृह शिवाजी मंदिर असो की दामोदर, माझ्या हाताखाली शिडीवर चढणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी त्याची गोष्ट सांगायचो, मग पाना हातात द्यायचो.

आठव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. पुढे तो सरकारी इंजिनिअर झाला, रस्ते बांधू लागला. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून परतला तेव्हा हा राजाच्या बाजूने उभा राहिला. नोकरी गेली, पोलिसांची नजर मागे लागली. मग आईच्या गावी बसून त्याने प्रकाशाचे प्रयोग सुरू केले. उपकरणं कुठली? पत्र्याच्या बारीक भोकात मधाचा थेंब ठेवला, ते झालं भिंग. मोजमापाच्या यंत्राचे भाग गावातल्या कुलूपवाल्याने करून दिले. हा मधाचा थेंब मला त्याच्या सगळ्या गणिताइतकाच मोठा वाटतो.

प्रकाश लाटांसारखा वागतो, हे त्याने गणिताने मांडलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत स्पर्धेचा परीक्षक प्वासाँने त्याला पेचात धरलं : हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा, आणि तो कसा पडेल? दुसरा परीक्षक आरागो याने २ मिलिमीटरची चकती घेऊन प्रयोग केला. ठिपका पडला! १८१९ चं बक्षीस फ्रेनेलला मिळालं.

मग दीपगृहांचं काम आलं. तिथल्या आरशांत जवळपास निम्मा उजेड वाया जायचा, आणि जाड भिंग वजनाला भारी. किरण वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, आतली जाडी नुसतं ओझं. ती काढून पृष्ठभागाच्या पायऱ्या तेवढ्या ठेवायच्या, ही कल्पना आधीही कुणाकुणाला सुचली होती. १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोर्दुआं दीपगृहात ती फ्रेनेलने पेटवून दाखवली. चारच वर्षांनी, ३९ व्या वर्षी, तो क्षयाने गेला.

तुझ्या दिव्यातलं भिंग एकसंध ओतलेलं असतं. पातळ असल्याने ते बल्बची उष्णता सोसतं. त्याची मागची बाजू मुद्दाम दाणेदार केलेली असते. त्यामुळे उजेड थोडा विस्कटतो, रेघा पुसल्या जातात आणि कडा मऊ होते. ते दाणे मळ समजून घासू नकोस. बल्ब काचेजवळ आणलास की उजेड पसरेल, मागे नेलास की गोळा होईल. चेहऱ्यासाठी नेमकं कुठे थांबायचं ते केबिनमधून ठरवू नकोस. खाली कुणाला तरी उभं कर आणि प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतून बघ.