वाचकांचे प्रश्न : पथ्याचा केक

प्रश्न : मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. सीलिअॅकचा आजार असलेल्या मुलाच्या वाढदिवसासाठी ज्वारीच्या केकची विचारणा आली आहे. करून पाहिला तर मधे चिकट राहिला आणि कापताना भुगा झाला. त्याच ओट्यावर मैद्याचे केकही होतात. ऑर्डर घ्यावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ओट्याचं बोलू, कारण मुलाची तब्येत त्यावर अवलंबून आहे. सीलिअॅकमध्ये ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या चिवट प्रथिनामुळे, लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणायचं तर किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं, म्हणजे चिमूटभर मैदाही फार झाला. चाळलेल्या मैद्याची धूळ हवेत तरंगून नंतर भांड्यांवर बसते. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी, मैद्याचा डबा उघडण्याआधी, ओटा आणि ओव्हन ओल्या फडक्याने पुसून हा केक करा. चाळणी, लाकडी चमचे, ब्रश, टिन सगळं वेगळं हवं. गिरणीचं पीठ नकोच. तिथे आधी गहू दळलेला असतो. ज्वारी निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून स्वच्छ मिक्सरमध्ये दळा. बेकिंग पावडरच्या डब्यावरचे घटकही वाचा, काहींत गव्हाचा स्टार्च असतो. एवढं जमणार नसेल तर ऑर्डर नाकारा. घेतलीत, तर घरात मैदा वापरला जातो हे पालकांना आधीच लेखी कळवा.

आता चिकटपणा. ज्वारीत ग्लुटेनची जाळी नसते आणि पीठ पाणी हळूहळू शोषतं. सहा इंची टिनसाठी ज्वारीचं पीठ 80 ग्रॅम, तांदळाचं 60, साबुदाण्याचं 40, इसबगोल 5 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळा. दही 150 ग्रॅम, दूध 130 मिली, तेल 60 मिली आणि साखर 130 ग्रॅम घालून मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा. इसबगोल फुगून पिठाला धरून ठेवतं. ते नसेल तर भुगा होणारच. शेवटी 1 टीस्पून बेकिंग पावडर आणि पाव टीस्पून सोडा मिसळून लगेच 170 अंशांवर सुमारे 40 मिनिटं भाजा. पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. गरम असताना स्टार्च घट्ट झालेला नसतो, आणि भाजलेला केकही कच्चा वाटतो.

प्रश्न : अंडं नसलेल्या केकला व्हीगन म्हणता येईल का? आणि गूळ घातला तर शुगर-फ्री?

उत्तर : दोन्हीला नाही. व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नको, दूधही नाही. दही, लोणी, कंडेन्स्ड मिल्क हे दुधाचेच पदार्थ आहेत, आणि ‘नॉन-डेअरी’ क्रीममध्येही बऱ्याचदा केसिनेट, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला घटक असतो. मार्शमेलोत बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं, त्यामुळे ते शाकाहारी आणि जैन ग्राहकांनाही चालत नाही. गूळ ही साखरच आहे, आणि पिठातला स्टार्चही रक्तातली साखर वाढवतो. मधुमेहींसाठी काप लहान ठेवा आणि कापामागे साखर किती ग्रॅम ते लिहा.

प्रश्न : पर्यावरणपूरक सजावट आणि पॅकिंग कसं करू?

उत्तर : थर्मोकोलची सजावट आणि प्लॅस्टिकची सुरी 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे. प्लॅस्टिकच्या खिडकीशिवायचा साधा पुठ्ठ्याचा खोका घ्या. चंदेरी कागद चिकटवलेला बोर्ड खतात जिरत नाही. त्याऐवजी अनामत घेऊन स्टीलचं ताट द्या. फुलवाल्याकडची फुलं केकवर लावू नका, त्यांवर फवारणी झालेली असते. घरच्या कुंडीतले गुलाब किंवा गोकर्ण चालतील. कण्हेर विषारी आहे, ती नकोच.