भाव कोण हलवतं?

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, मी चारशे शेअर घेतले आणि भाव शंभरावरून एकशेतीन झाला. माझ्यामुळे?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण खरं उत्तर 'हो' असं आहे. म्हणून हे पत्र.

'खरेदीदार जास्त होते म्हणून बाजार वधारला' असं पेपरात छापून येतं, ते मला कधीच पटलं नाही. जितके शेअर विकले गेले तितकेच घेतले गेले ना? एक कमी नाही, एक जास्त नाही. भाव हलतो तो घाई कुणाला आहे त्यावर.

तुझ्या ॲपमध्ये शेअरच्या नावाखाली 'मार्केट डेप्थ' असतं, ते उघड. डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. समज, घेणारा १०० रुपयांना उभा आहे, २०० शेअरसाठी. समोर विकणारे असे: १०० शेअर १००.५० ला, १५० शेअर १०१ ला, आणि मग एकदम ३०० शेअर १०३ ला. मधे चिटपाखरू नाही. तू मार्केट ऑर्डर टाकलीस, म्हणजे भाव न बोलता 'असतील त्या भावाने द्या' म्हणालीस. पहिले शंभर १००.५० ला मिळाले, पुढचे दीडशे १०१ ला, उरलेले दीडशे थेट १०३ ला. सरासरी पडली १०१.६० च्या आसपास आणि स्क्रीनवर झळकला शेवटचा भाव, १०३. तू खूश. पण त्याच क्षणी विकायला गेली असतीस, तर घेणारा अजून १०० लाच उभा होता.

आणखी गंमत बघ. कंपनीचे एक कोटी शेअर असतील, तर तुझ्या चाळीस हजारांच्या खरेदीने तिचं बाजारमूल्य तीन कोटींनी 'वाढलं'. शेवटच्या सौद्याचा भाव सगळ्याच शेअरना लावून गुणाकार करतात ना! 'गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले' हा मथळाही याच गुणाकाराचा.

मोठ्या शेअरात हे जाणवत नाही, कारण दर पाच-दहा पैशांवर हजारो शेअर रांगेत असतात. पण घाई तशीच मोठी असली की ती रांगही संपते. ५ ऑक्टोबर २०१२ ला एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, एका दलालाकडून चुकून साडेसहाशे कोटींच्या वर विक्रीच्या ऑर्डर गेल्या. निफ्टी, म्हणजे तिथल्या पन्नास मोठ्या शेअरचा निर्देशांक, काही क्षणांत जवळपास ९०० अंक खाली आला, बाजार पंधरा मिनिटं थांबवावा लागला. त्या सकाळी कुठल्याही कंपनीचा कारखाना जळाला नव्हता.

कधी सौदा न होताही भाव सरकतो. कंपनीचा नफ्या-तोट्याचा निकाल चांगला आला की १००.५० चा विकणारा आपली ऑर्डर काढून घेतो आणि ११० ला जाऊन बसतो.

माझंही एकदा हसं झालंय. पाच टक्क्यांचं सर्किट असलेला, म्हणजे दिवसात पाच टक्क्यांहून जास्त वर-खाली जाऊ न देणारी मर्यादा असलेला, एक छोटा शेअर होता माझ्याकडे. वाईट बातमी आली आणि डावीकडचे पाचही रकाने शून्य. विकणारे लाखोंनी, घेणारा एकही नाही. भाव सारखा असला की आधी आलेल्याची ऑर्डर आधी, म्हणून रोज नऊच्या ठोक्याला खालच्या सर्किटच्या भावाने विक्री टाकायचो, तरी माझ्यापुढे ही रांग! सातव्या दिवशी सुटलो. शंभराचे सत्तर झाले होते.

तेव्हा छोट्या शेअरात मार्केट ऑर्डर टाकूच नकोस. लिमिट लाव, म्हणजे 'याहून जास्त देणार नाही' असा भाव सांग, आणि नाही मिळाला तर नाही मिळाला. शिवाय घेण्याआधी बघ, रोज त्यात किती शेअरचे सौदे होतात. तू एकटीच दिवसाच्या उलाढालीचा मोठा हिस्सा होणार असशील, तर बाहेर पडताना तुझ्यासमोर कोण उभं राहणार?

रविवारी येशील तेव्हा तुझ्या यादीतल्या चारही शेअरचं महिन्याभराचं व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरचे सौदे झाले तो आकडा, लिहून आण. त्यातले दोन मला नीट वाटत नाहीत, पण ते समोर बसूनच बोलू.

तुझा,
काका