कारखान्यांत रोबो वाढतायत, मग मुलाने आयटीआयला वेल्डर ट्रेड घ्यावा का?

जरूर घेऊ द्या, फक्त सोबत रोबो चालवायलाही शिकवा. मोटारीच्या सांगाड्यावर दिवसभर एकसारखे स्पॉट मारायचं, म्हणजे पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडायचं, काम रोबोकडे गेलंय, ते परत येणार नाही. १९६१ साली जनरल मोटर्समध्ये युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो बसवला, तोही तापलेले ओतीव भाग उचलायला. माणसाला भाजणारं काम त्याच्याकडे गेलं, हे चांगलंच झालं.

पण आर्क वेल्डिंगचा (विजेच्या ज्योतीने धातू वितळवून सांधा जोडणारा) साधा रोबो शिकवलेल्या रेषेवरूनच जातो. जॉब (जोडायचा भाग) त्याला पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये २ मिलिमीटर सरकला, की तो सांधा सोडून बाजूलाच बीड (वितळलेल्या धातूची रेघ) ओढतो. वेल्डिंग टॉर्चचा कोन, वेग, करंट ठरवून पेंडंटवर (रोबो चालवायच्या, हातात धरायच्या रिमोटवर) एकेक पॉइंट शिकवायला माणूस लागतो. नुसती बीड बघून चूक ओळखणारा वेल्डर हे काम फार लवकर उचलतो.