शाकुंतलपासून सुरू करजो

भाऊ, जुनं नाटक चित्रात, संगीतात, सिनेमात कसं गेलं हे शिकाचं असन तं दहा नाटकं नको घेऊ, एकच घे अन् त्यातलाही एकच प्रसंग. मी तं कालिदासाचं शाकुंतलच सांगीन. आधी मराठी अनुवाद वाच. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाले सांगते का पायात दर्भ रुतल्याचं निमित्त करून शकुंतला थांबली अन् वळून पाहत होती, आता राजा रविवर्म्याचं चित्र समोर ठेव, प्रसंग तोच पण दुष्यंत कुठंच नाही, तिची नजर चौकटीच्या बाहेर जाते! हे मले लय भारी वाटते. मंग याच गोष्टीवरचं अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८० चं संगीत नाटक, त्यातली पदं ऐक, अन् शेवटी व्ही. शांतारामांचा १९४३ चा ‘शकुंतला’ सिनेमा. मूळ बिघडवलं म्हणाची घाई नको करू, दुर्वासाचा शाप अन् अंगठी महाभारतात नाहीच, म्हणजे कालिदासानंही गोष्ट बदललीच ना. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकं लागली का जाजो, गोष्ट थांबवून पद कुठं घेतात ते नीट पाह्य. त्याच्यानंतर कालिदासाचंच मालविकाग्निमित्र घे, मालविका तं आपल्या विदर्भाचीच राजकन्या.