'व्हीआर.५' पहिल्यांदाच बघताय? मग एवढं लक्षात ठेवा

छान विज्ञानकथा मालिका निवडलीत. फॉक्स या अमेरिकन वाहिनीवर १९९५च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि मे महिन्यात गुंडाळली गेली. १३ भाग तयार होते, दाखवले १०च. त्यामुळे पहिलं काम म्हणजे यादी तपासा. बरेच नवे प्रेक्षक १०वरच थांबतात आणि मग धागे जुळत नाहीत म्हणून वैतागतात.

दुसरं, तंत्रज्ञानावर हसत बसू नका. नायिका सिडनी ब्लूम टेलिफोन लाइनचं काम करणारी मुलगी. ती समोरच्याला फोन लावते, तो बोलला की रिसीव्हर मोडेमवर ठेवते आणि आभासी जगातून (व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी) थेट त्याच्या अंतर्मनात शिरते! हे कसं शक्य आहे, असं विचारायचंच नाही. तिथे जे घडतं त्याचा परिणाम त्या माणसाच्या खऱ्या वागण्यावर होतो, खरी गंमत त्यात आहे. त्या प्रसंगांचे रंगही नीट बघा. ते कृष्णधवल चित्रित करून नंतर रंगवलेले आहेत, म्हणून आकाश, कपडे, चेहरे सगळंच जरा विचित्र दिसतं. प्रिंट खराब नाही हो!

आणखी दोन गोष्टी:

- 'कमिटी' या गुप्त संघटनेतर्फे सिडनीशी संपर्क ठेवणारा डॉ. मॉर्गन लवकरच जातो, त्याच्या जागी ऑलिव्हर सॅम्पसन येतो. सॅम्पसन झालेल्या अँथनी हेडचं काम मला जास्त आवडतं.
- सगळी उत्तरं मिळणार नाहीत.

'कमिटी'चा गुंता आत्ताच सोडवायला जाऊ नका. आधी सिडनीचे वडील, आई आणि जुळी बहीण यांच्याकडे लक्ष द्या. चार-पाच भाग झाले की सांगा, मग पुढचं बोलू.