ॲक्सिलेटर दिला की गाडी 'कुंईंऽऽ' करते, गिअरबॉक्स उतरवू का?

एवढ्यात नको. आधी क्लच दाबून बघा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: २०१५ ची डिझेल हॅचबॅक, रोज खानापूर-बेळगाव ये-जा. पाऊस संपल्यापासून रेस वाढवली की बॉनेटमधून बारीक 'कुंईंऽऽ' येतो, उभ्या गाडीत न्यूट्रलमध्येही येतो, आणि रात्री लाइट-एसी चालू असले की वाढतो. मेस्त्री म्हणतात गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय, बॉक्स खाली घ्यावा लागेल. मी मेस्त्री नाही, बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये असतो. पण बेअरिंगचा आवाज ओळखणं आमचं रोजचंच काम, आणि ते कळल्यापासून गल्लीतल्या गाड्याही माझ्याकडेच येतात.

उभ्या गाडीत आवाज येतोय म्हणजे चाकांची बेअरिंगं, टायर, डिफरन्शियल हे सगळे सुटले, कारण ते तेव्हा फिरतच नाहीत. (चाकाचं बेअरिंग गेलं तर 'घूंऽऽ' येतो, तो रेसवर नाही तर वेगावर चढतो, आणि गाडी डावीकडे वळवताना वाढला तर बहुधा उजव्या बाजूचं गेलेलं असतं.)

उरलं ते इंजिनाबरोबर फिरणारं. गोम इथेच आहे. न्यूट्रलमध्ये क्लचवरून पाय काढलेला असतो तेव्हा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची फिरकी आत नेणारा दांडा) फिरतच असतो. म्हणजे न्यूट्रलमध्ये आवाज आला म्हणून गिअरबॉक्स सुटत नाही, आणि तेवढ्यावरून तो दोषीही ठरत नाही. क्लच पूर्ण दाबून थोडं थांबा, शाफ्ट थांबेल. आवाज गेला तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग (क्लच दाबला की ज्यावर भार येतो ते). आणि काहीच फरक पडला नाही तर गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. नेमकं हेच तुम्ही लिहिलेलं नाही.

तरी लाइट लावल्यावर आवाज वाढतो हे वाचून माझा संशय अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून गाडीची वीज तयार करणाऱ्या भागावर आहे. विजेचा भार वाढला की तो फिरवायला जड जातो, बेल्ट जास्त ओढतो आणि झिजलेलं बेअरिंग बोलायला लागतं. एसीचा कॉम्प्रेसरही बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर असतो, म्हणून दोन्ही वेगळे करून बघा. एकदा एसी बंद ठेवून फक्त हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावा, एकदा हे बंद ठेवून फक्त एसी लावा. एसीबरोबर पंखेही चालू होतात, त्यामुळे याने पक्का निकाल लागत नाही, पण दिशा कळते.

पक्का निकाल बेल्ट काढून लागतो. इंजिन थंड असताना मेस्त्रींना बेल्ट काढायला सांगा आणि अर्धा मिनिट इंजिन चालवून बघा. बॅटरीचा दिवा लागेल, लागू दे. काही इंजिनांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणून त्यापेक्षा जास्त वेळ नको. आवाज गेला की इंजिन बंद करून अल्टरनेटर, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) अशी एकेक पुली हाताने फिरवा. जिथे खरखर लागेल किंवा पुली डुगडुगेल तिथे दुखणं. चालू इंजिनात लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकणारे असतात. फिरत्या बेल्टजवळ शर्टाची बाही नेणं मला पटत नाही.

पावसाशी संबंध आहेच. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि तांबडा चिखल तुम्हाला मी काय सांगणार! सीलमधून पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, आणि आवाज येतो तो पाऊस संपल्यावर. सर्व्हिसिंगला बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारतात, त्यानेही हेच होतं.

अल्टरनेटरच निघाला तर पूर्ण नवा घालायची घाई करू नका. ऑटोनगरात तो खोलून बेअरिंगं बदलून देणारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. ६२०३ आणि ६३०३ हे आकार अल्टरनेटरमध्ये सर्रास असतात (भोक दोन्हींचं १७ मिमी, बाहेरचा व्यास ४० आणि ४७), पण अंदाजाने आणू नका, जुन्यावरचा नंबर वाचून आणा. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं घ्या आणि पुढचं-मागचं दोन्ही बदला. पुरवठ्याचा मामला बेअरिंगात बेभरवशाचा आहे, खोक्यावर नाव मोठं असलं तरी माल नकली असू शकतो, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच घ्या. बेअरिंगला काहीशे रुपये, नव्या अल्टरनेटरला हजारो.

खोलण्याआधी मल्टीमीटर लावून घ्या. चालू इंजिनात बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवा (हा एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट, गाडीतला गारव्याचा नव्हे). अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोड (अल्टरनेटरमधल्या एसी विजेची डीसी करणारा भाग) गेल्याचा संशय घ्या. डायोड गेला तरीही अल्टरनेटर असाच कुरकुरतो आणि मग नुसती बेअरिंगं बदलून भागत नाही.

टर्बोची शंका मला कमी वाटते. त्याची शिट्टी चढावर, गाडी ओढताना येते, उभ्या गाडीत फारशी नाही. ओढ कमी झाली असेल आणि काळा धूर दिसत असेल तर मात्र इंटरकूलरचे (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज तपासा. आणि स्टिरिओ बाहेरून बसवलेला असेल तर तो एकदा बंद करून बघा. अर्थिंग नीट नसेल तर अल्टरनेटरचा आवाज स्पीकरमधूनही येतो.

क्लच दाबल्यावर आवाज खरंच बंद झाला तर मेस्त्रींचं बरोबर, बॉक्स उतरवावाच लागेल. पण आधी गिअर ऑइलची पातळी बघायला सांगा, ऑइल तुमच्या समोर काढायला लावा आणि त्यात चकाकणारा चुरा आहे का ते बघा. बॉक्स खाली आलाच तर रिलीज बेअरिंग त्याच वेळी नवं घाला आणि क्लच प्लेट किती उरलीय तेही बघून घ्या, नाहीतर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल.