कूलंट कमी होते, पण थेंब दिसत नाही

प्रश्न : माझ्याकडे २००७ सालची पेट्रोलवरची छोटी गाडी असून ती सुमारे एक लाख तीस हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या उन्हाळ्यापासून दर आठ-दहा दिवसांनी कूलंटच्या बाटलीत जवळपास अर्धा लिटर भर घालावी लागते, पण गाडीखाली कधी ओल दिसत नाही. तापमानाचा काटा एरवी मध्यावर असतो. मात्र पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात तो वर सरकला आणि गाडी थांबवल्यावर बाटलीतून कूलंट उतू गेले. गॅरेजमध्ये आधी रेडिएटर बदलला, त्याने फरक पडला नाही. आता हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधला सील) गेले असल्याचे सांगून हेड खोलण्याचा सल्ला मिळाला आहे, तर दुसऱ्या एका मेकॅनिकच्या मते गळती थांबवणारी पावडर टाकली की भागेल. गाडीचे वय पाहता हेडचा खर्च करावा का? — एक वाचक, कराड

उत्तर : हेड खोलण्याची वेळ कदाचित येईलही, पण आपल्या पत्रात दिलेल्या लक्षणांवरून तसा निर्णय आज घेता येत नाही, आणि पावडरीचा सल्ला तर मुळीच मानू नये. कूलंट इंजिनात तेलासारखे थोडेथोडे खर्च होत नसते. बंद यंत्रणेत ते फिरत राहते, त्यामुळे दर आठवड्याला अर्धा लिटर कमी होत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडते आहे हे नक्की. आधी ठरवायचे ते एवढेच, की ही गळती बाहेरची आहे की इंजिनाच्या आतली.

सुरुवात रेडिएटरच्या कॅपपासून करावी. नवा रेडिएटर बसवताना जुनीच कॅप त्यावर लावून देण्याची पद्धत सर्रास आहे, आणि आपल्याकडेही तसे झाले असण्याचा संभव आहे. या कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो दाबाचा आकडा आहे. नुसते पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळते, पण ०.९ बार दाबाखाली तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत तग धरते, आणि ग्लायकॉल मिसळलेले कूलंट त्याहूनही पुढे. कॅपची स्प्रिंग सैल झाली किंवा तिचे रबर कडक होऊन चिरले, की हा दाब टिकत नाही. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही, पण घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन तापले की कूलंट उकळून बाटलीत जाते आणि बाटली भरली की उतू जाते. आपण सांगितलेला खंबाटकीचा प्रकार याच्याशी जुळतो. कॅपमध्ये दुसरीही एक छोटी झडप असते, जी इंजिन थंड होताना बाटलीतले कूलंट परत रेडिएटरमध्ये खेचू देते. ती अडकली तर बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा अशी फसवी स्थिती होते. सकाळी रेडिएटरचा वरचा होज पाइप आत पिचकलेला दिसला तर दोष बहुधा तिथेच असतो. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची कॅप काढून कूलंट तोंडापर्यंत आहे का, हे स्वतः पाहावे. गरम इंजिनावर कॅप कधीही उघडू नये. वरचा होज उघड्या हाताने निवांत धरता येईल इतका थंड झाल्याशिवाय तिला हात लावू नये.

नवी कॅप घालूनही पातळी उतरत असेल, तर प्रेशर टेस्ट करून घ्यावी. कॅपच्या जागी हातपंप बसवून थंड इंजिनात कॅपवर छापलेल्या आकड्याइतका दाब भरतात आणि पंपावरच्या दाबमापकाचा काटा दहा-पंधरा मिनिटे स्थिर राहतो का ते पाहतात. थंड इंजिनाचा आग्रह अशासाठी, की चालत्या गाडीत झिरपलेले कूलंट गरम ब्लॉकवर पडताच वाळून जाते आणि जमिनीपर्यंत थेंब पोचतच नाही. आपल्याला ओल न दिसण्याचे कारण हेच असू शकते. अशा जागी पांढरट किंवा हिरवट पापुद्रा मात्र राहतो. बॉनेट उघडून, हातात टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तो शोधावा.

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला मुद्दाम ठेवलेले एक बारीक छिद्र असते; आतले सील झिजले की कूलंट तिथून बाहेर येते, आणि त्या छिद्राखाली वाळलेला ओघळ दिसला तर पंप बदलण्यावाचून इलाज नाही. काही इंजिनांत हा पंप टायमिंग बेल्टवर चालतो व झाकणाआड दडलेला असतो. तसे असेल तर बेल्टही त्याच वेळी बदलावा, कारण दोन्हीची मजुरी जवळपास एकच पडते आणि कूलंटने भिजलेल्या बेल्टचा भरवसा नसतो. थर्मोस्टॅटचे (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचे) प्लॅस्टिकचे घर आणि ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग, म्हणजे भोके बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या, याही या वयाच्या गाडीत संशयाच्या जागा आहेत. सर्वांत दुर्लक्षित जागा मात्र हीटरच्या होजची. आपल्याकडे वर्षानुवर्षे कोणी हीटर लावत नाही, म्हणून ते दोन पाइप इंजिनामागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला) लागून विस्मृतीत जातात; पण हीटर बंद असला तरी बऱ्याच गाड्यांत कूलंट त्यांतून वाहतच असते, आणि सतरा-अठरा वर्षांचे रबर क्लिपपाशी चिरते. हीटरचा गाभाच गळत असेल तर गाडीत गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुरकट थर बसतो आणि पुढच्या सीटपुढचा गालिचा ओला होतो. गालिचा एसीच्या पाण्यानेही भिजतो, त्यामुळे पांढरा कागदी रुमाल दाबून पाहावा : एसीच्या पाण्याला रंग, वास, चिकटपणा यांतले काहीच नसते.

बाहेर काहीच सापडले नाही आणि तरीही दाब उतरत राहिला, तरच हेड गॅसकेटकडे वळावे. तेव्हाही पुरावा मागावा. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक होणे, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे, चारपैकी एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघणे ही बोलकी लक्षणे आहेत. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून करायची चाचणीही आहे. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळसर फेस दिसला म्हणून लगेच घाबरू नये, कारण पावसाळ्यात कमी अंतर चालणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही तो जमतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवणे थांबवावे.

पावडर, आणि तिची जुनी बहीण म्हणजे हळद, दोन्ही फटीत अडकून फुगतात म्हणून काही काळ काम करतात. पण रेडिएटरच्या आणि हीटरच्या अरुंद नळ्याही त्याच न्यायाने बुजतात. रात्री घाटात अडकलेल्या चालकाने गावापर्यंत पोचायला हळद टाकली तर त्याला मी बोल लावणार नाही. दुरुस्ती म्हणून टाकू नये. आपल्या गॅरेजवाल्याचाही सगळा दोष मानू नये, कारण सुटा भाग बदलल्याचे पैसे गिऱ्हाईक देते आणि तासभर शोधण्याचे पैसे द्यायला कुरकुरते. शोधण्याची मजुरी आधीच कबूल करावी. रेडिएटरच्या खर्चापुढे ती किरकोळ ठरली असती.

दरम्यान काट्यावर विसंबू नये. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच तो खरे सांगतो. पातळी त्याच्याखाली गेली तर इंजिन तापत असतानाही काटा खाली दिसू शकतो.

प्रश्न : माझ्या २००१ सालच्या डिझेल जीपमध्ये मी विहिरीचे पाणीच घालतो. कूलंट खरेच गरजेचे आहे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : होय. कूलंट उकळबिंदू वाढवते, पण आपल्या हवेत त्याचा मोठा उपयोग गंज रोखण्याचा आहे. गंजाचा गाळ पंपाचे सील खातो आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. यंत्रणा स्वच्छ धुऊन घ्यावी, मग कूलंट आणि बॅटरीचे पाणी निम्मे-निम्मे भरावे. तयार मिश्रणाचा डबा घेतला असेल तर त्यात पाणी घालू नये. रंग सारखा दिसला म्हणून दोन कंपन्यांची कूलंट एकत्र करू नयेत. धुतल्यावर लपलेली भोके उघडी पडली आणि आपला रेडिएटर पितळी असेल, तर तो झाळून घेता येतो, नवा घेण्याची घाई नको. पुढे कधी कूलंट बदलताना जुने अंगणात ओतू नये : ते गोडसर असल्याने कुत्री-मांजरे चाटतात, आणि एथिलीन ग्लायकॉल थोडेसेही त्यांच्या जिवावर बेतते.